बाटलीतले मोजे

सन एकोणीसशे त्रेचाळीसच्या ऑगस्ट महिन्याची सोळावी तारीख, वार सोमवार. स्थळ शिकागो शहराच्या मध्यभागातील कचेऱ्यांची एक सतरा मजली इमारत. आणि वेळ, लिफ्टमधल्या गोल घड्याळावर विश्वास ठेवायचा तर, सकाळचे नऊ वाजून एक्केचाळीस मिनिटे. या वेळी इमारतीतील दोन नंबरची लिफ्ट अकरावा मजला मागे टाकून बाराव्याकडे निघालेली असताना एकदा कण्हली, हातभर खाली घसरली आणि थांबली. आत तिघीजणी होत्या: लिफ्टचा दांडा धरून बसलेली मिसेस टॉलिव्हर, टायपिस्ट मुलगी विनिफ्रेड, आणि बाराव्या मजल्यावरच्या जाहिरात कचेरीत अठ्ठावीस वर्षे मजकूर लिहीत आलेली लुडमिला हाव्रानेक. पण लुडमिलाच्या लेखी जे घडायचे ते याच्या अर्धे मिनिट आधीच घडून गेले होते. चपलेचा पट्टा नीट करण्यासाठी विनिफ्रेड खाली वाकली होती, आणि वर येता येता तिची नजर लुडमिलाच्या पोटऱ्यांवर क्षणभर थबकली, मग शहाण्यासारखी तिथून निघून समोरच्या पितळी जाळीवर जाऊन बसली. त्या नजरेत कुचेष्टा नव्हती. असती तर बरे झाले असते, कारण कुचेष्टेशी वाद घालता येतो. ही नजर आश्चर्याची होती, आणि त्या आश्चर्याला लगेच आवरून घेणाऱ्या सभ्यतेची होती. अशा नजरेला माणूस काय उत्तर देणार?

मोजे संपले होते, एवढेच काय ते कारण. रेशीम जपानबरोबर गेले, नायलॉन पॅराशूटला गेले, आणि ज्या जाड सुती मोज्यांच्या आड लुडमिलाने आपले पाय आजवर जपले होते त्यांतली शेवटची जोडी गेल्या शुक्रवारी टाचेपासून गुडघ्यापर्यंत उसवली. तेव्हा तिने, शहरातल्या यच्चयावत बायका करतात तेच, पायांना लावायच्या रंगाची बाटली आणली. बाटलीवर सूचना होत्या. पहिली अशी की पायांवरचे केस काढून पाय स्वच्छ कोरडे करून घ्यावेत. लुडमिलाने ती वाचली. परक्या लेखकाचे वाक्य वाचावे तशी वाचली. तिची रचना तपासली, ‘स्वच्छ’ हा शब्द जास्तीचा आहे असे ठरवले, आणि दुसरीकडे वळली. दुसऱ्यांची वाक्ये केवळ वाक्ये म्हणून वाचण्याची सवय अंगवळणी पडलेल्या माणसाकडूनच अशी चूक होऊ शकते. रंग लागला तेव्हा ठीक दिसला. भुवया कोरायच्या पेन्सिलीने तिने आरशात पाठमोरे बघत मोज्याच्या शिवणीची उभी रेघही ओढली. परंतु ट्रामच्या थांब्यावर ऊन लागले, घाम आला, आणि आता प्रत्येक केसाच्या मुळाशी रंगाचा एकेक बारीक मणी गोठून राहिला होता. दोन्ही पाय ओल धरलेल्या भिंतीसारखे दिसत होते.

“झालं!” मिसेस टॉलिव्हर म्हणाली. ती केंटकीच्या डोंगरातली, पन्नाशीची, रुंद हाडाची बाई. आधीचा लिफ्टवाला नौदलात गेला म्हणून तिला ही जागा मिळाली होती. “या महिन्यात तिसऱ्यांदा. हाताला कसब असलेले सगळे गेले लढाईवर, आणि आमच्या नशिबी म्हातारा ऑस्कार!” तिने घंटा वाजवली, मग वर तोंड करून हाक मारली, “ऑस्कार! मेलास का?”

वरून, बऱ्याच उंचावरून, मिस्त्रीचा आवाज आला. “जिवंत आहे! घाबरू नका. अर्धा तास!”

“मागच्या वेळी पण अर्धाच म्हणाला होतास, आणि दीड तास लोंबकळत ठेवलंस!”

“तेव्हा तुम्ही एकट्याच होतात, बाई. घाई कशाला करायची?”

विनिफ्रेड फिस्सकन हसली. लुडमिला हसली नाही. आपले पाय कोणत्या कोपऱ्यात न्यावेत याचा ती विचार करीत होती आणि तिच्या ध्यानात येत होते की चार फूट बाय पाच फूट जागेला कोपरे नसतातच. असते ते दुसऱ्याच्या दृष्टीपासूनचे कमीअधिक अंतर. साडेदहाला बैठक होती. वस्तरे बनविणाऱ्या कंपनीचे वृद्ध मालक मिस्टर एल्डरिज स्वतः येणार होते. पोलाद सध्या तोफांना जात असले तरी युद्ध कधीतरी संपेल, आणि ते संपेल त्या दिवशी नवे गिऱ्हाईक तयार उभे असले पाहिजे, असा त्यांचा हिशेब होता. आणि ते गिऱ्हाईक अकरा-बारा वर्षांचे होते. मुलींसाठी छोटा वस्तरा, गुलाबी डबीत. त्यासाठी एक वाक्य हवे होते, आणि ते लुडमिलाने शनिवारी दुपारी लिहिलेही होते, कारण वाक्य लिहिणे तिला न लिहिण्यापेक्षा नेहमीच सोपे गेले होते. टाइप केलेला तो कागद तिच्या पर्समध्ये होता आणि उरलेल्या तीन प्रती तिच्या मेजाच्या कुलूपबंद खणात. ‘कदाचित आईचे सांगायचे राहून गेले असेल.’ एवढेच वाक्य. त्यात दटावणी नव्हती, आरोप नव्हता, आईविषयी अनादरसुद्धा नव्हता; होती ती केवळ एक शंका, पण ती बारा वर्षांच्या मुलीच्या उशाशी ठेवलेली. वाक्य निर्दोष होते. रविवारचा सगळा दिवस लुडमिलाने त्यात दोष शोधण्यात घालवला आणि तो सापडला नाही तेव्हा तिने ठरवले की हे वाक्य द्यायचे नाही. एवढेच नव्हे, तर बैठकीत उभे राहून सांगायचे की गृहस्थहो, हे सारे आपण रचलेले आहे. याच मजल्यावर, आपल्या डोळ्यांदेखत रचलेले आहे. आणि जे रचता येते ते थांबवताही येते. हे भाषण तिने मनात तीनदा घोटले होते. आता ते सारे त्या पोटऱ्यांवर उभे होते.

तसे पाहिले तर आरंभ पायांपासून झालाच नव्हता. तो झाला काखेपासून, सन पंधरामध्ये, बिनबाह्यांचे झगे आले तेव्हा. लुडमिला एकवीस वर्षांची होती आणि मजकूर लिहीत नव्हती, दुसऱ्यांचा टाइप करीत होती. त्या वेळचे मुख्य, आता दिवंगत झालेले मिस्टर हास्केल, तिच्या मेजाच्या कडेवर बसून म्हणाले होते, “मिस हाव्रानेक, पुरुषांनी दाढ्या करायच्या तेवढ्या केल्या. आता उरल्या बायका. बायकांना लाज कशाची वाटते, सांगा बघू?” खरे उत्तर असे होते की त्या गोष्टीची कुणालाच लाज वाटत नव्हती, शहरातल्या कोट्यधीशाच्या बायकोपासून धोबिणीपर्यंत ज्या गोष्टीचा कधी कुणी विचारच केला नव्हता तिची लाज येणार कुठून? पण तिला प्रश्न विचारला गेला होता, आणि प्रश्न विचारला की उत्तर देणारी म्हणून ती शाळेपासून प्रसिद्ध होती. तिने एक वाक्य सांगितले, ते छापले गेले, आणि ती टायपिस्टची लेखिका झाली. पुढे सात वर्षांनी झगे खालूनही आखूड झाले, तेव्हा तिने त्याच वाक्याला ताणून, घासून, त्यातला प्रत्येक अनावश्यक शब्द उडवून त्याचा नियम बनवला: ‘जे दिसते, ते नितळ असावे.’ मिस्टर हास्केलनी ते मोठ्याने वाचले आणि म्हणाले, हे आपण लिहिल्यासारखे वाटतच नाही, कुठेतरी आधीपासून असल्यासारखे वाटते. तिला तेव्हा त्याचा अभिमान वाटला होता.

ते वाक्य आले मात्र एका ठरावीक जागेहून. अठराव्या रस्त्यावरच्या पिल्सेन वस्तीत, जिथे बोहेमियातून आलेली सगळी मंडळी दाटीवाटीने राहत, तिथे तिची आई दर शनिवारी चाळीचे जिने घासत असे. परकर वर खोचलेला, गुडघ्यांपर्यंत पाणी, आणि पांढऱ्या भरदार पायांवरचे केस ओले होऊन सगळे एका दिशेने, तळ्यातल्या शेवाळासारखे, पडलेले. जिने झाले की ती उंबऱ्यावर बसून उकडलेल्या पिठाच्या गोळ्यांत भरायचे प्लम सोलत बसे, आणि सहा-सात वर्षांची लुडमिला तिच्या नडगीला गाल टेकून बसे. ते केस गालाला टोचत नसत. गुदगुल्याही करीत नसत. एवढेच कळे की हे आईचे आहे. मग पुढे एकदा, पंधरा वर्षांची असताना, ती शाळेतल्या एका मैत्रिणीला घरी घेऊन आली. मैत्रीण वस्तीबाहेरची, डॉक्टरची मुलगी. जिन्यात आई होती. “या गं पोरींनो, सांभाळून, घसराल,” आई आपल्या भाषेत म्हणाली आणि वाट देण्यासाठी भिंतीला टेकून उभी राहिली. मैत्रिणीने पाहिले आणि लगेच पाहणे थांबवले. गोळे खाल्ले, आभार मानले, गेली. पण तेवढ्या वेळात लुडमिलाने ते पाय परक्या डोळ्यांनी पाहून घेतले होते, आणि परक्या डोळ्यांनी एकदा पाहिलेली गोष्ट पुन्हा आपल्या डोळ्यांनी पाहता येत नाही. मिस्टर हास्केलनी विचारले तेव्हा तिने दिली ती ही नजर. डॉक्टरच्या मुलीची, अर्ध्या क्षणाची, जिन्यातली. तिने ती व्याकरणात बसवून देशभर पाठवली. आईला इंग्रजी वाचता येत नव्हते, म्हणून ती तिच्यापर्यंत पोचली नाही; किंवा पोचली ती फार उशिरा, सन एकतीसमध्ये, इस्पितळात, शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी, जेव्हा एक तरुण परिचारिका वाडग्यात साबण कालवून आली. पोट कापायचे होते, पाय नव्हे. पण परिचारिका म्हणाली, एवीतेवी वस्तरा हातात आहे तर पायही करते, किती बरे दिसतील! आईने हरकत घेतली नाही. फक्त कण्हत विचारले, “हे कुणी सांगितलं गं?” लुडमिलाने खिडकीबाहेर पाहत उत्तर दिले, “इथे असंच असतं, आई.” चौथ्या दिवशी आई गेली. आणि लुडमिलाने स्वतःच्या पायांना कधी वस्तरा लावला नाही, त्यापूर्वीही नाही आणि त्यानंतर तर नाहीच. हा तिचा विरोध होता असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. कारण मोज्यांच्या आत केलेला विरोध कुणालाच दिसत नाही, आणि जो दिसत नाही तो, तिच्याच नियमानुसार, नितळ असण्याचे कारण नव्हते.

“मिस हाव्रानेक,” विनिफ्रेड म्हणाली, “राग नाही ना येणार, एक सांगू का?”

“सांग.”

“तो रंग असा धरत नाही हो. आधी पाय करून घ्यावे लागतात. नाहीतर मग... म्हणजे असं होतं.” तिने जाळीकडे बघतच हात केला. “माझ्याकडे सगळं आहे. आज संध्याकाळी सैनिकांच्या नाचाला जायचंय ना, म्हणून वस्तरा आणलाय, डबीत साबणपण आहे. मिसेस टॉलिव्हरच्या बाटलीत पाणी असेल. पाच मिनिटांत करून देते. रंगसुद्धा आहे वरून लावायला.”

“लिफ्टमध्ये?”

“इथे बघतंय कोण? आपण तर बायकाच.”

“मला गरज नाही,” लुडमिला म्हणाली. स्वर हवा होता त्याहून कोरडा आला.

तेवढ्यात वरून ऑस्कारने हाक दिली. लिफ्ट आता वर जाणार नव्हती, खालीही नाही. बाराव्या मजल्याचा दरवाजा उघडता येईल, पण जमीन छातीइतकी उंच असेल. स्टुलावर उभे राहायचे आणि वरून हात देऊन ओढून घ्यायचे. “काळजी नको! इथे मिस्टर क्रॅनडॉल उभे आहेत, पाहुणेही आलेत. सगळे हात देतील. दहा मिनिटं द्या!” मिस्टर क्रॅनडॉल म्हणजे कचेरीचे सध्याचे मुख्य, आणि पाहुणे म्हणजे एल्डरिज. लुडमिलाने ते चित्र मनात नीट मांडून पाहिले. वर उभी असलेली माणसे. त्यांच्या बुटांच्या पातळीला तिचे डोके. मग खांदे, कंबर, आणि शेवटी, सर्वांच्या डोळ्यांसमोरून, सावकाश, एकेक करून, पाय. त्या पायांनिशी ती उभी राहून सांगणार की हे थांबवा. आणि ते काय म्हणतील? काही म्हणणार नाहीत. एकदा पाहतील आणि लगेच पाहणे थांबवतील. एका थकलेल्या, अव्यवस्थित, अविवाहित बाईचे गाऱ्हाणे म्हणून तिचा सारा युक्तिवाद ऐकून घेतला जाईल. म्हणजे वस्तऱ्याविरुद्ध बोलायचे तर आधी वस्तरा लावला पाहिजे. तिने हा तर्क उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. त्यात कुठे फट नव्हती. तो तिनेच बांधला होता.

“कर,” ती म्हणाली आणि मिसेस टॉलिव्हरच्या स्टुलावर बसली.

विनिफ्रेड गुडघ्यांवर बसली. रुमाल भिजवून आधी तिने सगळा रंग पुसला, हलक्या हाताने, लहान मुलाचे तोंड पुसावे तसा. मग साबण. “आधी डावा. ताठ धरा. श्वास नका रोखू, दात नाही काढत आहे मी तुमचा.” पाते खालून वर सरकले. आवाज फार बारीक होता. कोरड्या कागदावरून नख ओढल्यासारखा. लुडमिलाला वाटले होते की थंड लागेल. उघडे लागले. पायाला आजवर वाऱ्याची दिशा कळत होती आणि पट्ट्यापट्ट्याने ती कळेनाशी होत होती. मुलीच्या मानेवर घामाचे थेंब होते. तिचा मायाळूपणा इतका खरा होता की त्याच्या कचाट्यातून सुटण्याला जागाच नव्हती.

“किती वर्षं राहिलंय हो हे! कुणी सांगितलं नाही कधी तुम्हाला?” विनिफ्रेड म्हणाली. “आमच्याकडे तर आजी सारखी म्हणायची, जे दिसतं ते नितळ असावं. तिला तिच्या आईने सांगितलेलं म्हणे.”

लुडमिलाचा पाय दचकला. “हलू नका, कापेल!”

“विनिफ्रेड, ते वाक्य मी लिहिलंय.”

“कुठलं?”

“आजीचं. मी लिहिलं. बावीस साली, गुरुवारी, या इमारतीत. त्याआधी ते कुणी म्हणत नव्हतं. तुझी आजी नाही, तिची आई तर नाहीच. त्याआधी कुणी पाय करतच नव्हतं, पोरी. माझी आई नव्हती करत. कुणाचीच नव्हती करत.”

विनिफ्रेडने वर पाहिले. मग ती हसली, मोकळी, लोभस. “काहीतरीच तुमचं! असलं का कुणी लिहितं? दात घासा म्हणून पहिल्यांदा कुणी लिहिलं, विचारल्यासारखंच झालं हे.”

“मिसेस टॉलिव्हर,” लुडमिला म्हणाली, न्यायालयात साक्षीदाराला हाक मारावी तसा तिचा आवाज झाला होता, “तुम्ही सांगा हिला. तुमच्याकडे डोंगरात करत होतं का कुणी?”

मिसेस टॉलिव्हरने विचार केला. तिचे स्वतःचे पाय, जाड आणि फिक्या लवीने भरलेले, पुरुषी बुटांत खोवलेले होते. “नव्हतं करत,” ती म्हणाली. “पण आमच्याकडे बघतही नव्हतं कुणी. इथे दिवसभर लोक मागे उभे राहतात माझ्या. मी परवाच विचारत होते हिला, केवढ्याला पडतो तो वस्तरा.”

“बघा!” विनिफ्रेड विजयाने म्हणाली, आणि पाते साबणाच्या फेसात बुडवून पुढे बोलू लागली. “पण तुमचं दुसरं वाक्य मला फार आवडलं हं. शनिवारी मीच टाइप केलं, चारही प्रती. आईचं सांगायचं राहून गेलं असेल! मला एकदम रडूच आलं. आमची आई गेली तेव्हा आमची धाकटी चार वर्षांची होती, तिला कोण सांगणार? मी घरी जाऊन लगेच सांगितलं तिला. अक्षरशः तुमच्याच शब्दांत.”

“किती वर्षांची आहे?”

“आता बारावं सरलं. काल सकाळी न्हाणीघरात कोंडून घेतलंन् केलंन् सगळं एकटीनं. नडगीला लागलं थोडं, बरंच रक्त गेलं, पण काय आनंदली होती म्हणून सांगू! दिवसभर सगळ्यांना पाय दाखवत होती.” ती पुढे वाकून काम निरखू लागली. “झाला. बघा तरी, कसा दिसतोय.”

लुडमिलाने पाहिले. पाय कुणाचाही असता तसा होता. पर्स मांडीवर होती, पर्समध्ये कागद होता, आणि तो द्यायचा की फाडायचा हा प्रश्न, जो तिने काल दिवसभर एखाद्या न्यायाधीशाच्या गांभीर्याने तोलला होता, तिला आता पोस्टात टाकून झालेल्या पत्रासारखा वाटला. वाक्य गेले होते. ते नडगीपर्यंत पोचले होते, रक्त काढून बसले होते. तरीसुद्धा एक गोष्ट उरली, ती म्हणजे सांगणे. मुलगी एक होती. वर ज्या माणसांच्या हाती छापखाने होते त्यांच्या सहीने लाखो होतील. ती उठली. “उजवा राहिला की!” विनिफ्रेड म्हणत होती, पण वरचा दरवाजा करकरत उघडला होता, उजेड आत पडला होता, आणि लुडमिलाने स्टुलावर पाय ठेवला. मिसेस टॉलिव्हरने मागून कंबरेला आधार दिला. वरून दोन हात आले, एक क्रॅनडॉलचा मऊ, एक ऑस्कारचा तेलकट. डोके, खांदे, कंबर, मग डावा पाय, मग उजवा.

ती उभी राहिली. दालनात चार माणसे होती. कागद तिने पर्समधून काढला, सर्वांना दिसेल असा धरला आणि मधोमध फाडला. “हे वाक्य मी देणार नाही,” ती म्हणाली. “मुलींना हे कुणी सांगू नये. असं पूर्वी नव्हतं. मी सांगायच्या आधी असं कुठेच नव्हतं. आपण ते बनवलं, मिस्टर एल्डरिज, तेव्हा आपण ते थांबवू शकतो.” वाक्ये व्यवस्थित आली, ज्या क्रमाने यायची त्या क्रमाने.

मिस्टर एल्डरिज सत्तरीच्या पुढचे, मृदू, टोपी हातात धरून उभे असलेले गृहस्थ होते. त्यांनी तिचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग त्यांची नजर, कुठेही घाई न करता, फाटक्या कागदावरून खाली आली, एका पायावर थांबली, दुसऱ्यावर थांबली, आणि रोग्याला तपासून झालेल्या वैद्याच्या शांतपणाने ते म्हणाले,

“डावा ठीक आहे. उजवा करून या, मग बोलू.”